इथे कुणाचा आवाज आहे का?

गुरुवारी सकाळी दहा चाळीसला तिनं आपल्या हातानं आपल्या भावाचा आवाज पुसून टाकला. आणि तो पुसला गेला हे कळायला तिला पुढची चार मिनिटं लागली.

ती चार मिनिटं मोठी सुखाची गेली. लॅपटॉपच्या काळ्या खिडकीत पांढऱ्या ओळी सरसर वर सरकत होत्या. त्यांचं होईतो आपलंही उरकावं म्हणून ती शिवणयंत्रावर बसली, उशीच्या अभ्र्याची एक कड दाबली, आणि पायाच्या ठेक्यावर नेहमीसारख्या दोन ओळी जुळवल्या:

सुई जाते पुढं पुढं, दोरा येतो मागं,
दादाच्या गं डोळ्यापाशी मन माझं जागं.

दादा घरात असता तर लगेच उत्तर आलं असतं, “यमक जुळलं, अर्थ पळाला!” हे वाक्य त्यानं खास तिच्यासाठी भरून ठेवलं होतं. ती गुणगुणली रे गुणगुणली की त्याची नजर त्या चौकोनावर जायची.

दादा तिच्याहून सात वर्षांनी मोठा. शाळेत गणित शिकवायचा. उत्तर बरोबर आलं तरी मधली एखादी पायरी राहिली की अर्धे गुण कापायचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव पायरीमास्तर ठेवलं होतं. सहा वर्षांपूर्वी त्याच्या बोटांतून खडू निसटायला लागला. मग पाय गेले. मग जीभ जाणार असं डॉक्टरांनी सांगितलं, आणि जिभेनं जायच्या आधी सहा आठवड्यांची मुदत दिली. त्या सहा आठवड्यांत, स्वयंपाकघराच्या खिडकीला गोधडी लावून, रस्त्याचा आवाज अडवून, दादानं चारशे बारा वाक्यं आपल्या आवाजात भरून ठेवली. पाणी दे. कूस बदल. पंखा कमी कर. कोण आलंय. थांब. आणि चाळीसेक वाक्यं अशी की ज्यांचा बहिणीला छळण्यापलीकडं काडीचा उपयोग नाही. तिचा चष्मा जाड, म्हणून तिचं नाव घुबड. “घुबडे, चष्मा पूस.” “घुबडे, हा सदरा माणसाचा आहे की तंबूचा?”

आता तो पडद्यावरच्या चौकोनांकडं बघायचा, वरचा छोटा कॅमेरा त्याची नजर ओळखायचा, आणि एका चौकोनावर नजर दोन सेकंद टिकली की ते वाक्य वाजायचं. त्याच्याच घशातून निघालेलं, चार वर्षांपूर्वीचं. ज्याचा आवाज भरलेला नसेल ते वाक्य यंत्राच्या आवाजात यायचं. त्या आवाजाला दोघं पत्र्या म्हणायची.

हे सगळं चालवणाऱ्या प्रोग्रामचं नाव पाटी. पाटी कुणा कंपनीची नव्हती. कुणीही वापरावी, कुणीही उघडून आत बघावं, बिघडलं तर कुणीही दुरुस्त करून पाठवावं, अशी ती सगळ्यांची होती. म्हणायला सगळ्यांची. दुरुस्त करणारं माणूस एकच उरलेलं होतं, आणि ते लांब राहत होतं.

आता ही शिवणकाम करणारी बाई कोडच्या वाटेला गेली कशाला? तर तीन आठवड्यांपूर्वी, दुपारी जेवताना, दादाला ठसका लागला होता. त्याची नजर ‘थांब’वर गेली, पण खोकल्यानं मान हलली, नजर घसरली, आणि पाटीनं दोन सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. पुन्हा खोकला, पुन्हा पहिल्यापासून. पाटी गप्प म्हणून तिनं पुढचा चमचा दिला. मग त्याचा चेहरा जांभळा पडला. ती त्याला पालथा करून पाठीवर थापट्या मारत राहिली, आणि घास निघाल्यावर पहिल्यांदा काय ऐकलं, तर इतका वेळ मोजून मोजून शेवटी पाटीनं म्हटलेलं “थांब.”

त्या दिवसापासून चमचा उचलण्याआधी ती त्याचा गळा निरखायची.

‘थांब’ला अर्धा सेकंद पुरला पाहिजे, एवढंच तिला हवं होतं. प्रकल्पाच्या पानावर राहिलेल्या कामांची यादी होती. त्यात हेच काम कुणीतरी चार वर्षांपूर्वी लिहून ठेवलेलं, त्यापुढं चिठ्ठी: नवख्यांसाठी सोपं. चार वर्षं सोपं काम पडून! तिला आश्चर्य वाटलं. आठ महिने ती दुपारच्या तासाभरात मोबाइलवर कोड शिकत होती. दादा शेजारी पडून तिच्या चुका काढायचा, आणि बरोबर आलं की पत्र्याच्या आवाजात “शाबास, पण हे कसं आलं ते सांग” म्हणायचा. तिला वाटलं, एवढं तर मला येईल.

मग तिनं सूचनांचं पान उघडलं. नवीन माणसानं सुरुवात कशी करावी याच्या बारा पायऱ्या. पहिल्या चार करायला दोन गुरुवार गेले, कारण गुरुवारीच दहा ते साडेबारा दादा व्यायामाच्या केंद्रात असायचा आणि त्याचा लॅपटॉप मोकळा असायचा. घरात दुसरा होता कुठं! पाचवी पायरी एका ओळीची होती: जुनं सगळं साफ करा. खाली एक आज्ञा. तिनं ती जशीच्या तशी उतरवली, दोनदा ताडून पाहिली, शिवणकामात माप दोनदा घेतात तशी, आणि बटण दाबलं.

दहा चव्वेचाळीसला ओळी थांबल्या. शेवटी लिहून आलं, “झालं.” ती उठली. पाटी नीट चालतेय ना बघावं म्हणून तिनं पाटी उघडली.

पडद्यावर एक कोरा चौकोन होता. त्यात लिहिलं होतं, “नमस्कार! पहिलं वाक्य भरा.”

तिला आधी वाटलं की चुकीचं पान उघडलं. तिनं बंद करून उघडलं. नमस्कार. आवाजांच्या कप्प्यात जाऊन बघितलं. कप्पा होता, आत काही नव्हतं. गावाला जाऊन आल्यावर घराचं दार नुसतं लोटलेलं दिसावं, तसं.

तिनं वाचा-उपचार करणाऱ्या बाईंना फोन लावला. त्यांच्याच दवाखान्यात वाक्यं भरायला सुरुवात झाली होती; निदान तेवढी तिथं असतील का, असं तिनं विचारलं.

“ते जुने संगणक केव्हाच गेले हो,” बाई म्हणाल्या. “पण मी तेव्हाच म्हटलं होतं ना तुम्हाला, एक प्रत वेगळी ठेवा म्हणून?”

म्हटलं होतं. आणि ती “ठेवते” म्हणाली होती. ती “ठेवते” तिला आता इतक्या स्पष्टपणे ऐकू आली, जणू तीच तेवढी भरून ठेवलेली होती.

अकराला दहा कमी. तिनं आपल्या मोबाइलवरून प्रकल्पाच्या गप्पांच्या खोलीत लिहिलं. तिथं ती आजवर फक्त वाचायची. “मी पायरी पाच केली. माझ्या भावाचे आवाज गेले. परत कसे आणायचे?”

दोन मिनिटांत उत्तर आलं. आत्यांचं. हेच ते एकटं उरलेलं माणूस. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या, सत्तरी गाठलेल्या बाई. अकरा वर्षं पाटी सांभाळत होत्या, आणि नमस्काराच्या आधी खरडपट्टी काढायच्या, म्हणून सगळे त्यांना आत्या म्हणायचे.

“कुठल्या मशीनवर केलं?”

“त्याच्याच. घरात एकच आहे.”

मग:

“काही उघडू नकोस. काही बंद करू नकोस. भिंतीतली वायर ओढ. मशीन उलटं करून बॅटरी काढ. आत्ता. मग मला फोन कर.”

तिनं वायर ओढली, बॅटरी काढली. आतली घरघर मंदावत मंदावत थांबली. चार वर्षांत त्या खोलीतून ती घरघर कधी गेली नव्हती. आता भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येऊ लागला, आणि तो तिला सहन होईना.

“ऐक,” आत्या फोनवर म्हणाल्या. आवाज कोरडा, पण घाई होती त्यात. “पुसलं म्हणजे गेलंच असं नाही. कप्प्यावरची नावं खोडली जातात. आतलं सामान पडून असतं, त्याच्यावर दुसरं काही येऊन बसेपर्यंत. म्हणून बंद करायला लावलं. मशीन जुनं आहे? आत चकती फिरते?”

“फिरते. घरघरते. दादा म्हणतो, मांजर पाळलंय.”

“देव पावला. नव्या मशीनमध्ये आशाच नव्हती.”

“म्हणजे येतील सगळे?”

“असं मी म्हटलं नाही,” आत्या म्हणाल्या. “दुसरं मशीन लागेल, एक मोठी डिस्क लागेल, आणि हे काम येणारा माणूस. तुझ्या गावात कुणी आहे का विचारते. तोवर त्याला हात लावू नकोस. कितीही वाटलं तरी.”

“साडेबाराला दादा येईल.”

“मग?”

“मग तो बोलणार कसा?”

“आधी फोन ठेव, मला माणूस शोधू दे,” आत्या म्हणाल्या.

साडेबाराला गाडी वाजली. व्यायामवाल्यानं खुर्ची उतरवली, आणि त्याचं नेहमीचं सुरू झालं. “आज मास्तरांनी नजरेनंच माझे पाच गुण कापले, ताई. डावा पाय आधी उचलला म्हणून. अहो, मशीन कुठंय? बसवून देतो की.”

“चार्जिंगला लावलंय,” ती म्हणाली.

व्यायामवाला गेला. दादाची नजर भिंतीतल्या रिकाम्या प्लगवर गेली, तिथून टेबलावर उलट्या पडलेल्या लॅपटॉपवर, तिथून बाहेर काढलेल्या बॅटरीवर. मग तिच्यावर आली आणि तिथंच राहिली.

तिनं जेवण पुढं घेतलं. सांगायचं तर होतंच. पण आधी जेवू दे, भुकेल्या पोटी कशाला, असं तिनं स्वतःला समजावलं. सूप गाळून घेतलं, केळं कुस्करलं. पहिला चमचा भरला आणि हात तसाच राहिला.

कारण आज ‘थांब’ नव्हतं. दोन सेकंदांचं नव्हतं, पुन्हा पहिल्यापासून मोजणारं नव्हतं, उशिरा वाजणारंही नव्हतं. ठसका लागला तर या घरात ते सांगणारं कुणी नव्हतं.

तिनं अर्धा चमचा दिला. गळ्याकडं पाहिलं. गिळलं. डोळ्यांकडं पाहिलं. पुन्हा अर्धा. एकदा त्याच्या पापण्या जरा जास्त मिटल्या, आणि ती चमचा टाकून उभी राहिली, खुर्ची मागं पडली, सूप तिच्या पायावर सांडलं. काही नव्हतं. त्याला नुसती शिंक येऊन राहिली होती. एरवी वीस मिनिटांत उरकणारं जेवण पाऊण तास चाललं, आणि ते संपलं तेव्हा तिची पाठ घामानं भिजली होती, जशी बारा गणवेश एका बैठकीत शिवल्यावर भिजायची.

मग ती त्याच्या पायाशी बसली.

“दादा,” ती म्हणाली. “तुझे आवाज गेले. माझ्या हातून. सगळे.”

तो बघत राहिला.

“मला ‘थांब’ लवकर वाजायला हवं होतं. म्हणून केलं. त्यांनी साफ करा म्हटलं, मी केलं. मला काय माहीत आत तू आहेस!” तिला रडू कोसळलं नाही; रडण्याइतकी जागा आत उरली नव्हती. “आत्या म्हणतात, येतील कदाचित. कदाचित म्हणतात. तू रागाव. तुला रागवायलाही येत नाही आता, तेही मीच नेलं.”

दादानं डोळे वर केले. एरवी डोळे वर म्हणजे ‘हो’, पण हे ‘हो’ नव्हतं. भिंतीकडं, जिथं पाटी यायच्या आधीचा पुठ्ठा टांगलेला होता.

तिनं पुठ्ठा काढला. त्यावर अक्षरांच्या ओळी होत्या. ती ओळी म्हणायची, हवी ती ओळ आली की तो डोळे वर करायचा. मग त्या ओळीतली अक्षरं. काने-मात्रे तो सांगायचा नाही, ते ओळखणं तिचं काम. चार वर्षांत दोघांनाही सवय राहिली नव्हती. ती ओळी चुकवत होती, आणि तो न कंटाळता डोळे मिटून ‘नाही’ म्हणत होता.

प. य. र.

“पायरी?”

डोळे वर. हो.

ग. ळ. ल.

“गाळली. पायरी गाळली.” “हो रे दादा. मीच गाळली. बघायला हवं होतं मी—”

डोळे मिटले. नाही.

“मी नाही?”

नाही. आणि त्यानं पुन्हा पुठ्ठ्याकडं पाहिलं. या वेळी जास्त वेळ लागला. ल. ह. ण. र. लिहिणारा. लिहिणाऱ्यानं.

उत्तर बरोबर, पायरी गाळली, अर्धे गुण. सकाळपासून पहिल्यांदा तिच्या छातीत थोडी हवा गेली. तिनं मोबाइल घेतला आणि खोलीत लिहिलं, “माझा भाऊ गणिताचा मास्तर आहे. तो म्हणतो, लिहिणाऱ्यानं पायरी गाळली.”

पाठवल्यावर भीती वाटली. आता आत्या रागावतील, आणि मदत करणारं एकच माणूस तेही जाईल.

आत्यांचा फोन आला. “मास्तरांना म्हणावं, बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “तिथं एक ओळ हवी होती. हे सरावाच्या मशीनवर करा, जिथं कुणाचं काही साठवलेलं नाही तिथं. मी लिहिली नाही, कारण मला ते माहीतच होतं. आणि खरं सांगू? मला वाटायचं, जिना जरा उभाच बरा. ज्याला खरंच यायचंय तो चढून येईल. अकरा वर्षं मी वर बसून म्हणत होते, लोक का येत नाहीत.”

तिनं नाक ओढलं.

“रडतेस का गं?”

“नाही.”

“मग ऐक. तुझ्या गावात एक माणूस आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. निघालाय.”

लिफ्टवाला अडीचला आला. पन्नाशीचा, उंच, खांद्याला हत्यारांची पिशवी, आणि आत शिरताना दाराला डोकं आपटू नये म्हणून वाकायची सवय. तो दोन गल्ल्या पलीकडं राहत होता. दोघांनी एकमेकांना दुकानात शंभरदा पाहिलं असेल.

“नमस्कार मास्तर,” तो खुर्चीपुढं वाकून म्हणाला, आणि मग तिला, “ताई, टेबल मोकळं करा. आणि पाणी त्या टेबलावर नको.”

त्यानं लॅपटॉपमधून डिस्क बाहेर काढली, आपल्या मशीनला जोडली, दुसरी कोरी डिस्क शेजारी ठेवली. काळी खिडकी उघडली. ती दिसताच तिनं तोंड फिरवलं.

“घाबरू नका. हे नुसतं वाचणारंय, पुसणारं नाही,” तो म्हणाला. “तीनेक तास जातील. बसा.”

ती बसली नाही. “तुम्हीही पाटीवर काम करता?”

“करणार होतो.” तो ओशाळला. “माझी आई पाटीवर बोलायची, शेवटी शेवटी. ती गेल्यावर वाटलं, आपणही काहीतरी हातभार लावावा. दोनदा बसलो. दोन्ही वेळा याच पाचव्या पायरीशी अडकलो. माझ्या मशीनवरचंही सगळं उडालं.”

“तुमचंही?”

“माझं काय, दोन प्रयोग होते, ते गेले. आईचे आवाज वेगळे ठेवलेले. पण उडालं ते उडालं.”

“मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?” तिचा आवाज चढला. तिला स्वतःलाच तो ओळखू आला नाही. “खोलीत एक ओळ लिहिली असती तर! एक ओळ!”

लिफ्टवाल्यानं हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

“वाटलं, माझीच अक्कल कमी,” तो म्हणाला. “बाकी सगळ्यांना जमत असेल, मलाच जमेना. शहाण्या माणसांच्या खोलीत जाऊन काय सांगायचं, की मी जिन्यावरून पडलो म्हणून? गपचूप निघून गेलो. आज आत्यांनी विचारलं, कोण जवळ आहे, तेव्हा बघितलंत का तुम्ही? सात जणांनी लिहिलं. सातही जण त्याच पायरीवरून पळालेले.”

तिनं मोबाइल उघडून बघितलं. खरंच होतं. निरनिराळ्या गावांतून, एकाखाली एक. मीही. माझंही. मला वाटलं मीच. सात माणसं चार वर्षं आपापल्या घरी लाज गिळून बसली होती, आणि त्यातल्या एकानं जरी तोंड उघडलं असतं तरी आज तिचा भाऊ बोलत असता. तिला त्यांचा राग आला. मग आठवलं, आज भावाचा जीव टांगणीला नसता, तर तीही गप्प बसली असती.

तीन तास डिस्क घरघरत राहिली. दादा डोळे मिटून पडला होता. झोपलाय की नाही हे तिला कळत नव्हतं, आणि विचारायची हिंमत होत नव्हती. तिनं अभ्रा शिवायला घेतला आणि तीच कड तीनदा उसवली.

साडेपाचला लिफ्टवाला म्हणाला, “या.”

पडद्यावर आकड्यांची रांग होती. एक, दोन, सात, बारा. “नावं गेली,” तो म्हणाला. “आवाज आलेत काही. कुठला कुठला ते ऐकूनच कळेल.”

“किती?”

“तीनशे एकोणतीस.”

चारशे बारातून तीनशे एकोणतीस. तिनं मनातल्या मनात वजा केले आणि मास्तरकडं बघितलं. त्यानंही ते केलेच होते. डोळ्यांवरून कळत होतं.

लिफ्टवाल्यानं पहिला लावला. नुसती खरखर. दुसरा. खरखर, आणि मागं कुणाचा तरी भांडी ठेवल्याचा आवाज. तिला ओळखू आला. ती भांडी तिचीच होती. तिसऱ्याला तिनं डोळे गच्च मिटले.

“घुबडे, चष्मा पूस.”

खोलीत दादा बोलला. किंचित घोगरा, हसू दाबून धरलेला. ती खाली बसली, जिथं उभी होती तिथंच. लिफ्टवाला खिडकीतून बाहेर बघू लागला. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

दादानं आठवतील तसे चौकोन पुन्हा लिहिले, आणि लिफ्टवाल्यानं आपल्या घरी बसून, ऐकून ऐकून, दोन दिवसांत त्यांत आवाज बसवले; तिला ते सगळे ऐकायचा धीर होईना. तिनं ते पाठोपाठ तीन ठिकाणी उतरवून ठेवले, आणि एक प्रत लिफ्टवाल्याच्या घरी. पण जी यादी होती, कुठली कुठली वाक्यं भरली होती त्याची, तीही त्या दिवशीच पुसली गेली होती. त्यामुळं काय मिळालं आणि काय गेलं ते चौकोन वाजल्यावरच तिला कळायचं. दादाची नजर एखाद्या चौकोनावर गेली की ती शिवणयंत्र थांबवून कान द्यायची. दादा वाजणार की पत्र्या? ‘पाणी दे’ दादा. ‘कूस बदल’ दादा. ‘पंखा कमी कर’ पत्र्या. जणू अंधाऱ्या खोलीत हातानं चाचपत सामान मोजावं, आणि प्रत्येक हात रिकामा परत यायच्या भीतीनं पुढं जावा.

‘थांब’ तिनं सगळ्यांत आधी शोधलं होतं. ते आलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी आत्यांचा निरोप आला. “पायरी पाचची दुरुस्ती तूच कर.”

“मी? मला पुन्हा हात लावायला भीती वाटते.”

“म्हणूनच. मला वाटत नाही, म्हणून माझ्या हातून राहिलं. तुला जिथं जिथं भीती वाटली ते सगळं लिही. पहिलीपासून बारावीपर्यंत. मग मी त्या जागा बांधून काढते.”

तिनं वहीत लिहिलं. काळी खिडकी उघडली तेव्हा. लाल अक्षरं आली तेव्हा, ती चूक होती की नुसती सूचना ते कळेना. मोठ्या माणसांना आपलं काम दाखवायचं होतं तेव्हा. विचारू की नको असं वाटलं तेव्हा. पळून गेलेल्या सातांनीही आपापल्या ओळी घातल्या. बारा पायऱ्यांच्या आता एकतीस झाल्या, आणि चढायला सोप्या झाल्या. सरावासाठी एक वेगळी पाटी झाली, जिच्यात काहीही मोडलं तरी कुणाचं काही जात नाही. पण पाचव्या पायरीसाठी नुसती सूचना पुरणार नाही असं तिला वाटत होतं. सूचना माणूस वाचेलच असं नाही. म्हणून तिनं आज्ञेतच चार ओळींचा कोड घातला. लिफ्टवाल्यानं तपासला, दादानं एक कंस राहिलेला दाखवला, आत्यांनी एक शब्दही न बदलता घेतला. आता कुणी ती आज्ञा दिली की पाटी काहीही पुसण्याआधी कप्प्यात डोकावते, आणि तिथं काही असलं तर थांबून विचारते: “इथे कुणाचा आवाज आहे का?”

दुसऱ्या महिन्यात, ओळखीपाळखीच्या नसलेल्या एका बाईंनी खोलीत लिहिलं. “आज पहिल्यांदाच बसले. पाटीनं मला विचारलं. मला आधी हसू आलं. मग आठवलं, हे मशीन बाबांचं. मी ‘हो’ लिहिलं, आणि ती थांबली.”

हे तिनं दादाला मोठ्यानं वाचून दाखवलं. एका ‘हो’नं काय वाचतं आणि एका बटणानं काय जातं ते तिला माहीत होतं.

‘थांब’चं कामही मग झालं. तेही तिनंच केलं. अर्धा सेकंद.

त्या दुपारी सूप होतं. तिनं तिसरा चमचा उचलला, आणि दादाची नजर कोपऱ्यात गेली. “थांब,” पत्र्या म्हणाला, चमचा अजून हवेत असताना. तिचा हात जागच्या जागी थांबला. दादानं घास गिळला, श्वास घेतला, डोळे वर केले. चल.

आवाज त्याचा नव्हता. पण हात थांबला होता. तिनं ते मनात घोळवलं, आणि जेवण संपता संपता, नकळत, कित्येक दिवसांनी, दोन ओळी तिच्या तोंडी आल्या:

सूप गेलं गळ्याखाली, चमचा झाला रिता,
दादा माझा जेवला गं, काळीज आलं हाता.

म्हटल्यावर ती सावध झाली. कारण दादाची नजर निघाली होती, वरून तिसऱ्या रांगेकडं. त्या गुरुवारपासून तो चौकोन तिच्यासमोर वाजला नव्हता. तिनं भीतीनं गुणगुणणंच सोडलं होतं. एक सेकंद. दुसरा.

“यमक जुळलं, अर्थ पळाला,” पत्र्या म्हणाला. सपाट, कुठं हसू नाही, प्रत्येक शब्द सारख्या वजनाचा.

म्हणजे तेही गेलं होतं. तिनं वाटी खाली ठेवली. त्याच्याकडं बघवेना.

पण नजर अजून थांबली नव्हती. शेजारच्या चौकोनावर सरकली. हा चौकोन तिच्या ओळखीचा नव्हता. तो त्यानंच एकेक अक्षर बघून कधीतरी लिहून ठेवला असणार, शिवणयंत्राच्या खडखडाटात, तिला ऐकू जाणार नाही अशा वेळी आधीचा चौकोन एकट्यानं वाजवून पाहून. तेव्हा त्याला एकट्याला कळलं असणार की ते वाक्य गेलं. आणि त्यानं ते तिच्यापासून लपवून, पुढची तयारी करून ठेवली होती.

“पत्र्यालासुद्धा कळलं,” पत्र्या म्हणाला.

दादाचे डोळे वर होते, ओले, आणि त्यांच्या कडांना तेच दाबून धरलेलं हसू. तिनं चष्मा काढला. पदरानं पुसला. पुन्हा घातला, आणि उरलेलं केळं कुस्करायला घेतलं.